सोडा शेवटी

नाशिकला द्वारका चौकात सटाण्याची बस अर्धा तास आली नाही म्हणून सरिता आहेर भज्यांच्या गाडीशी जाऊन उभी राहिली, एवढंच खरं तर घडलं. भूक लागलेली नव्हती. पण पुलाखालच्या त्या गर्दीत, चारी बाजूंनी हॉर्न कोकलत असताना, बाईमाणसाने नुसतं उभं राहायचं तर हातात काहीतरी असावं लागतं. देवळ्याला तिच्या भावाच्या नातवाचं, रुद्रचं, जावळ होतं. भावाचे दोन फोन येऊन गेले होते, तू कोठे शे म्हणून. गाडीवर रंगाने ‘भागीबाई’ असं लिहिलेलं, आणि त्या नावाची धनीण घामाने निथळत झारा आपटत सुनेचा उद्धार करत होती. सुनेने सकाळीच पिठात सोडा कालवून पातेलं शेगडीला चिकटवून ठेवलं होतं, आणि भजी दगडासारखी होत होती. “सोडा शेवटी घालायचा, पिंकी,” भागीबाई म्हणाली. “आधी घालून ऊन केला की त्याचा जीव जातो. मंग भज्याला नावं ठिवू नये.” सुनेने पुढचा घाणा सोडला. सरिता मात्र हातातला भज्यांचा कागद धरून तशीच उभी राहिली. सटाण्याची बस आली, थांबली, कंडक्टरने देवळा-सटाणा असं दोनदा ओरडून पाहिलं, आणि बस निघून गेली.

सोडा शेवटी. हे दोन शब्द तिने वाचले होते. निळ्या शाईत, जरा डावीकडे कललेल्या अक्षरात, एका वहीच्या समासात. नऊ वर्षं झाली. त्या पानावर त्या दोन शब्दांच्या खाली तिने स्वतः लाल शाईने एक शब्द लिहिला होता, आणि तो मात्र नऊ वर्षांत तिला एकदाही आठवला नव्हता. माणसाचं मन मोठं सोयीचं असतं. आपण खाल्लेला मार जन्मभर ठणकतो, आपण दिलेला घरी पोचेपर्यंत विसरतो. आता तो शब्द आठवला, तशी तिने भजी कुत्र्याला टाकली आणि समोरून आलेल्या पहिल्या रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने कुठे विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून ती शिकवायची त्या कॉलेजचं नाव निघालं. भावाला काय सांगायचं ते नंतर बघू, असं तिने ठरवलं.

त्या मुलीचं नाव निकिता भोये. सुरगाण्याच्या पलीकडच्या एका आदिवासी पाड्यावरची, तिथून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली पहिली. बोलायची कमी, आणि बोलली की प्रश्नच विचारायची. तिने प्रकल्पाला विषय निवडला होता सायनेट. सरिताला आधी नवलच वाटलं होतं, कारण बाकीच्या मुली दही आणि आवळा यांच्यापलीकडे जात नसत. निकिताचा भाऊ सातपूरला पत्र्याच्या भांड्यांना मुलामा देणाऱ्या एका शेडमध्ये कामाला होता. तिथे सायनाइड वापरतात हे तिने त्याच्याकडून ऐकलेलं. ते सांडपाणी ब्लीचिंग पावडरने मारलं की सायनाइडचं सायनेट होतं. सायनाइड एका घोटात जीव घेतं, सगळ्या जगाला ठाऊक आहे. सायनेट तसं काही करत नाही. ते बिचारं गप असतं, अंगात शिरलं की प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि चिकटलं की सुटत नाही. प्रथिन दिसायला तेच राहतं, फक्त त्याचं काम बिघडतं. निकिता त्या शेडमागच्या गटाराच्या कडेची माती पिशवीत घेऊन आली होती. तिचं म्हणणं, मॅडम, इतकी वर्षं ते पाणी तिथे मुरतंय आणि तरी तिथे गवत उगवतं, म्हणजे मातीत कोणीतरी ते पचवत असणार. आणि होतंच कोणीतरी. सात नंबरच्या बशीत एक जंतू सायनेटवर वाढला होता.

तो पचवतो म्हणजे त्याच्याजवळचं एक विकर, एन्झाइम, पचवतं. सरिता हे विकर अजून दरवर्षी शिकवायची, आणि ती शिकवायची पद्धत निकिताच्याच वर्गात तिला सुचली होती. दहा मुली पुढे बोलवायच्या. एकीसारखी एक, दहाही सारख्याच, असं समजायचं. त्यांच्या पाच जोड्या करायच्या, फुगडीला उभ्या राहतात तशा, आणि पाच जोड्यांचं एक कडं. आता सांगा, सायनेट कुठे बसेल? पोरी म्हणायच्या, प्रत्येकीच्या हातात. नाही. एकटीच्या हातात जागाच नाही. जोडीच्या हातातही नाही. एक जोडी शेजारच्या जोडीला जिथे टेकते, तिथे चौघींच्या मधे एक खोबण होते, आणि विष पचतं ते तिथे. कडं सुटलं की मुली सगळ्या शाबूत, पण खोबण गेली. आणि दुसरी गोष्ट, सायनेट एकटं येऊन चालत नाही. त्याच्या शेजारी बायकार्बोनेट येऊन बसावं लागतं, साधा खायचा सोडा. तो सायनेटला धरतो, मग दोघांचं मिळून जे होतं ते फुटतं, अमोनिया उरतो आणि हवेत जाणारा वायू. सोडा नसेल तर विकर नुसतंच वाट बघत बसतं. हे तिने किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल, आणि पोरींनी किती वर्षं उतरवून घेतलं असेल.

मग चुकलं कुठे? रिक्षा शालिमार चौकात अडकली होती आणि सरिता चार महिन्यांचा तो प्रयोग पुन्हा मनात मांडत होती. अमोनिया मोजायचा तर नेसलरचं द्रावण टाकतात. अमोनिया जितका, तितका रंग पिवळा, मग नारिंगी. पण त्यांच्या जुन्या इमारतीत संडासाच्या भिंतीला लागून प्रयोगशाळा, आणि पाण्यातच अमोनिया. काही न घालताच नळी पिवळी व्हायची. म्हणून सरिताने नियम घातला, उकळल्याशिवाय काही वापरायचं नाही. नुसतं पाणीच नाही, सगळं तयार द्रावण, सोड्यासकट, अर्धा तास खळाखळा उकळायचं. ही तिची ख्याती होती. आहेरमॅडमच्या लॅबमध्ये अमोनिया उभा राहत नाही, असं लोक म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. उकळून गार झालेल्या द्रावणाचा पीएच दर वेळी चढलेला असायचा. ती स्वतः थेंब थेंब ॲसिड टाकून तो खाली आणायची. तो का चढतो, हे चार महिन्यांत तिने एकदाही विचारलं नाही. सोडा उकळला, त्यातला वायू उडून गेला, म्हणून तो चढत होता! द्रावण ओरडून सांगत होतं आणि ती वरून थेंब टाकून त्याचं तोंड बंद करत होती. भागीबाईच्या सुनेला निदान भजी तरी कडक लागली.

चार महिने निकिताची नळी फिकीच राहिली. सरिता म्हणाली, तुझा जंतू कुचकामी आहे, लिहून टाक. आणि वही द्यायला आठवडा उरला असताना एका दुपारी निकिता रीडिंग घेऊन आली. कलरीमीटरवर, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रावर, शून्य पूर्णांक त्रेचाळीस. नळी संत्र्याच्या रंगाची. त्या दिवशी म्हणे ती सोडा घालायला विसरली, द्रावण उकळून गार झाल्यावर आठवलं, तेव्हा घातला. सरिताने तिला आपल्यासमोर पुन्हा करायला लावलं, अर्थात नियमाने, सगळं घालून उकळून. नळी फिकी. निकिता म्हणाली, मॅडम, सोडा शेवटी घालून बघू या. तेव्हा सरिता सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती, “नाचता येईना, अंगण वाकडं.” पोरी हसल्या होत्या. एखाद्या थेंबभर अमोनियाने नळी संत्री करणं अगदी सोपं असतं, हे सरिताला माहीत होतं, आणि तिने लाल शाईने वहीत लिहिलं: बनावट. प्रकल्प रद्द झाला, वर्ष गेलं, शिष्यवृत्ती थांबली. तीन ओळींत सांगून होतं सगळं. व्हायलाही फार वेळ लागला नव्हता.

मुलीचा बाप आला होता. देवराम भोये. हे आठवायला नको होतं, पण आता एक आठवलं की दुसरं त्याचं बोट धरून येत होतं. द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे आलेला, तिथून तसाच, टोपी हातात घेऊन व्हरांड्यात उभा. त्याने भांडण केलं नाही, रडगाणं गायलं नाही. पोरीचं काय झालं, एवढंच विचारलं. सरिता घाईत होती. तिने चालता चालता सांगितलं की तुमची मुलगी खोटं बोलते. त्याने मान हलवली, पायाशी ठेवलेली पाचेक किलोची कापडी पिशवी उचलून तिच्या पुढे केली. घरचा तांदूळ होता, मुलीच्या मॅडमसाठी आणलेला. आणताना त्याला माहीत नव्हतं काय ऐकायला मिळणार ते. आणि ऐकल्यावरही त्याने पिशवी परत नेली नाही. सरिताने ती घेतली आणि प्रयोगशाळेतल्या कपाटाखाली सरकवली. तिथे तांदळाला पोरकिडे लागले. घरी का नेली नाही? रिक्षात बसल्या बसल्या तिने स्वतःला विचारलं. जड होती, विसरले, अशी दोन-तीन उत्तरं आली आणि त्यातलं एकही तिला पटलं नाही.

प्रयोगशाळेत गोरक्षमामा होते. परिचर म्हणून तीस वर्षं त्याच खोलीत काढलेले, येत्या मेमध्ये निवृत्त होणारे. सरिताने विचारलं, ते भोयेचे जंतू कधी फेकले आपण? मामांनी काही न बोलता फ्रीज उघडला आणि मागच्या बाजूचा एक डबा काढला. चार नळ्या, कापसाच्या बोळ्याने बंद, प्रत्येकीवर चिकटपट्टी: नि. भो. ७. खालची तारीख गेल्या महिन्याची. दर दोन महिन्यांनी ते जुन्या नळीतून नव्या नळीत जंतू उतरवत आले होते, ज्वाळेपुढे धरून, नीट. नऊ वर्षं. “तुम्ही बंद करा म्हणालाच नाहीत,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा आहे का, हे सरिताने बारकाईने पाहिलं, पण तो नव्हता. निकिताची वहीसुद्धा त्यांनीच जुन्या जर्नलांच्या गठ्ठ्यात ठेवलेली. आणि ती पोरगी सटाण्यात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, दर दिवाळीला फोन करते, हेही त्यांनी सांगितलं. कोणाला करते? मला, मामा म्हणाले. मला विचारायचं ना कोणी.

जंतू वाढायला एक दिवस जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी सरिताने त्यांना काचेच्या भुकटीत खलून फोडलं, गाळलं, आणि दोन द्रावणं केली. एक आपल्या नियमाने, सोड्यासकट अर्धा तास उकळून. दुसरं उकळून गार करून, मग चिमूटभर सोडा. पहिल्याचा पीएच आठच्या वर गेला होता. तिने तो थेंबाथेंबाने खाली आणला तेव्हा हाताला लाज वाटत होती, हात तेच थेंब त्याच सवयीने टाकत होता. मग दोन्ही नळ्यांत सायनेट, अर्क, थोडा वेळ, आणि नेसलर. पहिली फिकी राहिली. दुसरी पिवळी झाली, तिच्या डोळ्यांदेखत गडद झाली आणि संत्र्याच्या रंगावर येऊन थांबली. अर्क न घातलेली तिसरी नळी पांढरीच होती, म्हणजे पाण्यात खोट नव्हती. कलरीमीटरवर शून्य पूर्णांक एकेचाळीस. विकर नऊ वर्षं तिथेच होतं, शाबूत, दहाच्या दहा बायका हात धरून उभ्या, आणि एका चिमटीची वाट बघत. सरिता स्टुलावर बसली. मामांनी न विचारता चहा आणून ठेवला, तो गार झाला.

चूक झाली, कोणाकडूनही होते, असं म्हणून सुटता आलं असतं. ती ते म्हणूनही बघत होती. पण एक गोष्ट आडवी येत होती. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, वेदिका नावाच्या मुलीचं एक रीडिंग असंच आभाळातून पडल्यासारखं आलं होतं. वेदिका गंगापूर रोडची, बाप डॉक्टर, बोलणं चटपटीत. सरिता तिला काय म्हणाली होती? “मजाच आहे, पुन्हा करून बघ बरं, काय वेगळं केलंस ते आठव.” तीन वेळा करायला लावलं होतं, आणि चौथ्या वेळी स्वतः शेजारी बसली होती. निकिताला तिने काय वेगळं केलंस म्हणून विचारलं नव्हतं. निकिताने न विचारता सांगितलं, तर म्हण तोंडावर फेकली. हिच्याकडून एवढा आकडा येतोय, म्हणजे पोरीने काहीतरी केलं असणार, हे तिने नळी बघायच्या आधीच ठरवलं होतं. तिने सोडा उकळला हा अडाणीपणा झाला. हा अडाणीपणा नव्हता. ही दुसरी गोष्ट कुठल्याच प्रयोगाने दुरुस्त होण्यासारखी नव्हती, आणि तांदळाची पिशवी कपाटाखाली का गेली याचं उत्तरही त्यातच होतं. सरिताला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी ती सटाण्याच्या बसमध्ये बसली. पिशवीत वही. चांदवडचा घाट उजवीकडे राहिला, देवळा आलं, भावाच्या घराकडे वळणारा रस्ता दिसला, साठवणीच्या चाळींमधून उन्हाळी कांद्याचा तिखट वास बसभर झाला, आणि ती उतरली नाही. ती वाक्यं जुळवत होती. ‘माझ्या हातून नकळत’ असं एक सुरू झालं आणि तिने ते टाकून दिलं. ‘तुझ्यावर अन्याय’ हेही टाकलं, ते भाषणातलं वाटत होतं. सटाण्याला उतरेपर्यंत एकही वाक्य उरलं नव्हतं. लॅब बसस्टँडपासून जवळच निघाली. एका गाळ्यात पडदा, पडद्याआड खुर्ची, आणि निकिता एका म्हाताऱ्याच्या दंडाला रबर बांधत होती. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. तिने सरिताला पाहिलं, ओळखलं, आणि म्हाताऱ्याचं रक्त पूर्ण काढून होईपर्यंत मान पुन्हा वर केली नाही. मग कापूस दाबून धरायला सांगून ती हात धुऊन आली आणि बसा म्हणाली.

सरिताने वही उघडून तिच्या समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, भज्यांच्या गाडीपासून. वेदिकाचंही सांगितलं. निकिता ऐकत होती. तिने नळ्यांवरच्या पट्ट्यांचं ऐकलं तेव्हा एकदाच तिचे ओठ हलले, मामा, असं काहीतरी म्हणाली.

“किती आलं?” तिने विचारलं.

“एकेचाळीस.”

“माझं त्रेचाळीस होतं.”

लाल शब्दावर सरिताने तिच्यासमोर रेघ मारली. खाली लिहिलं की हे रीडिंग खरं होतं, माझी पद्धत चुकीची होती, आणि सही केली, तारीख घातली. विद्यापीठाला पत्र देते म्हणाली, प्रकल्प तुझ्या नावाने पुन्हा दाखल करायचा प्रयत्न करते म्हणाली. निकिताने ते वाचलं. एक क्षण तिचा हात त्या पानावर सपाट पडून राहिला. मग तिने वही मिटली. “तेव्हा मलाही कळलं नव्हतं, असं का होतं ते,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी इथे आल्यावर कळलं. तुम्हाला लिहिणार होते. नाही लिहिलं.” तिने वही सरिताकडे सरकवली. मग ती म्हणाली, “मॅडम, हे कागदावर चांगलंय. पण माझ्या बापाला वाचता येत नाही. त्याला तुम्ही तोंडाने सांगितलं होतं.”

तिने फोन लावला. पाड्यावर रेंज टेकडीवरच मिळते, म्हणून फोन उचललेलं कोणी पोर बराच वेळ तिच्या बापाला हाका मारत राहिलं. मग एक दमलेला श्वास ऐकू आला, आणि निकिताने फोन सरिताच्या हातात दिला. सरिता म्हणाली, मी आहेरमॅडम, नाशिकची. ती म्हणाली, तुमची मुलगी खरं बोलत होती. मीच चुकले होते. तुम्हाला व्हरांड्यात जे बोलले, ते खोटं होतं. एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. देवराम भोयेंनी बरं म्हटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “बाई, तो तांदूळ दिला व्हता, तो शिजला का चांगला?”

हो म्हणणं किती सोपं होतं. देवरामना बरं वाटलं असतं, कोण तपासायला येणार होतं? निकिता समोर बसली होती, चष्म्यातून बघत. सरिता म्हणाली, “नाही. मी तो खाल्ला नाही. कपाटाखाली ठेवला, तिथेच खराब झाला.”

पलीकडून एवढंच आलं, की पोरीला द्या. निकिताने फोन कानाला लावला, हो बा, हो बा म्हणत ऐकलं, मधेच एकदा त्यांच्या बोलीत काहीतरी रागाने बोलली, पुन्हा ऐकलं. पडद्याआडून म्हातारा विचारत होता, कापूस काढू का. निकिताने फोन कानापासून जरा दूर धरला.

“बा विचारतो,” ती म्हणाली, “नवा भात दिवाळीला निघंल. पण आमच्या हातचं तुम्ही खाता का?”

सरिताने हात पुढे केला. “फोन दे इकडे,” ती म्हणाली. “मी त्यांना सांगते.”